मर्यादित भागीदाराचा अमर्याद आग्रह

एका जंगलात नारोपंत नावाचे एक साळिंदर राहत होते, आणि ही गोष्ट जंगलात फारशी कुणाला माहीत नव्हती.

बाळांनो, यात नारोपंतांचा दोष नव्हता. साळिंदर दिसायला तसं ठसठशीत. पण अंगभर काटे असले की लोक चार हात लांबूनच नमस्कार करतात. शिवाय ज्याच्या घरात साळिंदराचा काटा त्याच्या घरात भांडण, अशी एक समजूत पूर्वापार चालत आलेली. त्यामुळे बारसं असो की लग्न, नारोपंतांना आमंत्रण यायचं ते शेवटच्या पंगतीचं, आणि पान मिळायचं ते अगदी टोकाचं. वाढपी तिथवर येईपर्यंत भांड्यात खरवड उरलेली असायची.

बाकी त्यांना काही कमी नव्हतं. टेकडीच्या पोटात त्यांचं स्वतःचं बीळ होतं. कडक मुरमात सात वर्षं खणून ते त्यांनी आणि त्यांच्या पत्नी साळूबाईंनी तयार केलं होतं. तीन दारं, कंद साठवायला दोन कोनाडे, उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार. साळूबाईंच्या पुढच्या दोन नख्या त्या खणण्यात कायमच्या बोथट झाल्या होत्या. त्या बिळावर दोघांचा फार जीव होता.

एके दिवशी त्या बिळाच्या दारात खुशालराव तरस येऊन उभे राहिले.

खुशालराव म्हणजे जंगलातले धडपडे गृहस्थ. आजवर त्यांनी सहा धंदे काढले होते आणि सहाही बुडाले होते. तरी खुशालराव हसतच असत. तरसाला हसायला कारण लागत नाही. आता त्यांच्या डोक्यात सातवा धंदा होता, पंगतींचा. जंगलात हल्ली कुणाला स्वतः रांधून पंगत घालायला वेळ नसतो. तो वेळ जातो कुठे हे कुणालाच सांगता येत नाही, पण नसतो. तेव्हा आपण दर पानामागे ठराविक दर लावायचा आणि पंगत घालून द्यायची. तीही आग्रहासकट.

हे 'आग्रहासकट' म्हणजे काय, ते नीट ऐका.

त्या जंगलात एक जुना रिवाज होता. वाढपी वाढतात. पण 'अजून घ्या, संकोच करू नका' म्हणत पंगतीतून फिरायचं ते मालकानेच. ज्याच्या कोठीतून जातं त्यालाच 'घ्या' म्हणायचा अधिकार. दुसऱ्याच्या कोठीवर आग्रह करणारा तो आगाऊ समजला जाई. पण हल्लीच्या यजमानांना आग्रहाचाही कंटाळा. दोन पानांपर्यंत जातात आणि दमतात. म्हणून यजमानाने आरामात बसायचं आणि धंद्याच्या मालकाने आग्रह करत फिरायचं, अशी खुशालरावांची योजना होती. मालक अर्थातच खुशालराव.

नारोपंतांकडून त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. पत्रावळी टाचायला गळून पडलेले काटे, आणि रांधायला एक कोनाडा भरून कंद. त्याच्या बदल्यात नफ्यातला चौथा हिस्सा.

"आणि भागीदार म्हणून तुमचं नाव," खुशालराव म्हणाले.

नारोपंतांचे काटे अंगाशी चापूनचोपून बसले. आजवर त्यांना कुणी कशातच घेतलं नव्हतं. साळूबाईंनी मात्र दारातूनच विचारलं, की धंदा बुडाला तर काय? बीळ जायचं का?

"म्हणून तर वहिनी, आपण मर्यादित भागीदारी करतोय," असं म्हणून खुशालराव जे हसले ते बराच वेळ हसले.

कागद करायला ढालकर वकिलांना बोलावलं. ढालकर हे कासव. हाकेच्या अंतरावर राहायचे, म्हणून तिसऱ्या दिवशीच पोचले. त्यांनी सागाच्या पानावर मजकूर लिहिला आणि नवराबायकोला समोर बसवून समजावून सांगितला. खुशालराव अमर्याद भागीदार. धंद्याचं देणं झालं तर घेणेकरी त्यांच्या घरादारावर, भांड्याकुंड्यांवर, अंगावरच्या केसांवरसुद्धा जाऊ शकतात. नारोपंत मर्यादित भागीदार. त्यांनी घातलेले काटे आणि कंद गेले तर गेले. त्यापुढे त्यांच्या बिळाला कुणी नखही लावू शकत नाही.

"पण एक अट आहे," ढालकर म्हणाले. "कारभारात पडायचं नाही. माल आणा म्हणायचं नाही, नको म्हणायचं नाही. मालकासारखं वागायचं नाही. माझं कवच बघा. मी आत आहे तोवर माझं कुणी काही करू शकत नाही. मान बाहेर काढली, की ती मान माझी आणि तिची जोखीमही माझी."

"म्हणजे ह्यांनी काहीच करायचं नाही?" साळूबाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग जमेल त्यांना," साळूबाई म्हणाल्या, आणि नारोपंतांनी पानावर पंजा उमटवला.

पहिली पंगत सशांच्या बारशाची होती. वरीचा भात, कंदाची भाजी, बोरांची चटणी आणि मोहाचे लाडू. धान्यापासून मोहापर्यंत सगळा माल मुंग्यांच्या सोसायटीने उधारीवर दिला होता. नारोपंत कराराप्रमाणे एका जांभळीखाली बसले. काही करत नव्हते. त्यांना वाटलं, हे तर सोपं आहे.

मग खुशालराव आग्रहाला निघाले. आता विचार करा, तुम्ही ससा आहात, आणि तुमच्या पानावर वाकून एक तरस दात दाखवत 'घ्या ना, घ्या' म्हणतोय. भूक राहील का? ससे आपली पोरं पोटाशी धरून पटापट 'पुरे, पुरे' म्हणू लागले. खुशालरावांना वाटलं, छान, माल वाचला. ते हसत पुढे गेले.

टोकाच्या पानावर एक म्हातारा ससा बसला होता. त्याने एक लाडू खाल्ला होता आणि वाढप्याच्या परडीतल्या दुसऱ्याकडे बघत होता. तरस आल्यावर रीतीप्रमाणे त्यानेही 'पुरे' म्हटलं. तरस निघून गेला. म्हातारा रिकाम्या पानाकडे पाहत राहिला.

आता आपल्याकडे पहिलं 'पुरे' खरं नसतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ते नुसतं म्हणायचं असतं. समोरच्याने 'असं कसं' म्हणायचं असतं. मग दुसऱ्यांदा 'नको' म्हणायचं, आणि मग पानावर लाडू पडतो. नारोपंतांचं सगळं आयुष्य टोकाच्या पानावर गेलं होतं. पहिलं 'पुरे' म्हणून, कुणी 'असं कसं' न म्हणाल्यामुळे, ते अर्धपोटी घरी आले होते. एकदा नव्हे, शेकडो वेळा. त्यांनी त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

ते उठले. वाढप्याच्या हातातली परडी त्यांनी घेतली.

"आजोबा, असं कसं? एक घ्या. माझ्याखातर."

ससेआजोबा 'नको नको' म्हणाले. नारोपंतांनी लाडू वाढला. आजोबांनी तो दोन घासांत संपवला आणि वर पाहून म्हणाले, "सुखी राहा, मालक."

नारोपंतांनी घाईघाईने सांगितलं, की मी मालक नाही हो, मी आपला मर्यादित भागीदार. पण हे सांगताना ते पुढच्या पानाकडे वळले होते. त्या दिवशी त्यांनी सगळी पंगत पालथी घातली. ससे पोट धरून घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी जंगलभर एकच बोलणं, की पंगत घालावी तर नारोपंतांनी.

ही बातमी ढालकर वकिलांनी ऐकली आणि ते नारोपंतांना सावध करायला लगेच निघाले. पोचले तोवर आणखी पाच पंगती झाल्या होत्या. मान बाहेर निघालीय, आत घ्या, असं त्यांनी बजावलं. नारोपंतांनी मान डोलावली. पण पुढची पंगत हरणांची होती, आणि हरणं फार संकोची असतात. त्यांना आग्रह केला नाही तर ती पाणीसुद्धा पीत नाहीत.

हळूहळू नारोपंतांना सगळे मालक म्हणू लागले. पहिल्या वेळी त्यांनी साफ नाकारलं. पुढे पुढे ते 'छे छे' एवढंच म्हणत. नंतर तेही बंद झालं. कुणी 'नमस्कार मालक' म्हटलं की ते 'मुलंबाळं बरी आहेत ना' असं विचारू लागले. खुशालरावांची काही तक्रार नव्हती. दुसरा कुणी फिरतोय म्हटल्यावर ते पंगतीच्या वेळी मागच्या झुडपात एक डुलकी काढत.

आणि अशात हत्तींचं लग्न आलं.

चाळीस पानं. दर नेहमीचाच, पानामागे ठरलेला. हत्तींनी विचारलं आणि खुशालराव चटकन हो म्हणाले, कारण चाळीस हा आकडा त्यांना लहान वाटला. पानावर बसणार कोण, हे पाहायचं त्यांना सुचलंच नाही. सुचलं तेव्हा हत्ती हात धुऊन बसले होते.

पण खुशालराव काही अगदीच कच्चे नव्हते. त्यांनी हिशेब केला, की हत्ती म्हणजे बड्या घरची मंडळी. रीतीरिवाज पाळणार. एकदा वाढलं की 'पुरे' म्हणणार. आपण ते खरं मानायचं, आणि सुटायचं. तसं झालंही. पहिला भात संपला. चाळीस सोंडा पानांवर आडव्या झाल्या आणि चाळीस आवाजांत 'पुरे' ऐकू आलं. खुशालरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ते झुडपात गेले.

तोवर नारोपंत उठले.

"असं कसं?" ते थोरल्या हत्तिणीला म्हणाले. "नातीचं लग्न रोज होतं का?"

थोरली हत्तीण खरोखर संकोची होती. तिला उभ्या जन्मात कुणी आग्रह केला नव्हता. हत्तीला कोण आग्रह करणार? सगळे मनात म्हणतात, हा उठला तर बरं. तिचे डोळे भरून आले आणि तिने सोंड बाजूला घेतली. तिच्या पानावर पडलं, म्हणून शेजारणीच्या पडलं, मग समोरच्या ओळीत पडलं. दुसरा भात झाला. तिसरा सुरू झाला आणि कोठी संपली.

वाढपी मुंग्यांच्या सोसायटीकडे धावले. सोसायटीच्या चेअरमनबाई कणाबाई स्वतः आल्या. त्यांनी नारोपंतांना बाजूला घेतलं. आता राहिलंय ते आमच्या पावसाळ्याच्या बेगमीचं धान्य, असं त्यांनी सांगितलं. सव्वा लाख तोंडं त्यावर चार महिने काढतात. ते काढायचं तर नुसत्या वाढप्याच्या निरोपावर काढता येणार नाही. खुशालराव दिसत नाहीत. शब्द कुणाचा?

नारोपंतांनी मागे पाहिलं. चाळीस हत्ती रिकाम्या पानांपुढे बसून त्यांच्याकडे बघत होते. एक छोटा हत्ती सोंडेने पान चाटत होता.

"काढा कणाबाई," नारोपंत म्हणाले. "मी आहे ना."

बाळांनो, मराठीत याहून महाग वाक्य नाही.

त्या दिवशी हत्ती तृप्त झाले. ढेकरांनी जांभळीची पिकली जांभळं खाली पडली. जाताना त्यांनी चाळीस पानांचे चाळीस दर मोजून दिले, एक पै कमी नाही. मुंग्यांचं देणं त्याच्या कितीतरी पट होतं. आधीच्या पंगतींची उधारी होतीच. चार दिवसांत धंद्याचं दिवाळं वाजलं.

मुंग्या आधी खुशालरावांकडे गेल्या. अमर्याद भागीदार म्हटल्यावर तिथेच जायला हवं. खुशालरावांनी त्यांचं हसून स्वागत केलं आणि आपली अमर्याद जबाबदारी मान्य केली. वाटेल ते घेऊन जा, म्हणाले. मुंग्यांनी शोधलं. गुहा बायकोच्या नावावर होती. अंगणातला हाडांचा ढीग सासूबाईंच्या नावावर होता. अंगावरचे पट्टे तेवढे खुशालरावांचे स्वतःचे निघाले. ते मुंग्यांच्या उपयोगाचे नव्हते.

मग कणाबाई टेकडीकडे आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी तिन्ही दारं पाहिली, दोन्ही कोनाडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, की आमच्याकडे पावसाळ्याचं अन्न राहिलेलं नाही. तुमच्या शब्दावर दिलं. कोनाड्यातले कंद आणि पावसात कोरडं राहील असं हे घर, एवढं मिळालं तर आमची पोरं जगतील. साळूबाईंनी बोथट नख्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती. त्यांनी कागद दाखवला. कणाबाई म्हणाल्या, मग कोर्टात भेटू.

ढालकर वकील या वेळी नशिबाने जवळपासच होते. त्यांनी दोघांना समोर बसवलं. खटला अवघड आहे पण गेलेला नाही, असं ते म्हणाले. न्यायमूर्ती गवे आहेत. ते आडवळणाने काही विचारत नाहीत. एकच विचारतील, की पंगतीत तुम्ही कोण होतात?

"तुम्ही म्हणायचं, कोणी नाही," ढालकर म्हणाले. "पाहुणा होतो, उत्साहाच्या भरात उठलो. माझ्या बोलण्याला तिथे काडीची किंमत नव्हती. एवढं म्हणालात की कागद तुम्हाला वाचवील."

साळूबाईंनी नवऱ्याकडून ते घोकून घेतलं. सकाळी पहिल्या दारात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. कोणी नाही, कोणी नाही, कोणी नाही. नारोपंत चांगलं म्हणायला लागले. बीळ जाऊ नये असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. दोघांचं वय झालं होतं. पुन्हा सात वर्षं खणायची ताकद आता कुणात होती?

खटल्याच्या दिवशी सगळं जंगल माळावर जमलं. कणाबाईंनी आपलं म्हणणं चार वाक्यांत मांडलं. मग साक्षी झाल्या. ढालकरांनी ससेआजोबांना बोलावलं आणि विचारलं, की हे गृहस्थ पंगतीत आगंतुकासारखे मध्येमध्ये करत होते, हो ना? ससेआजोबांनी सांगितलं, की माझी दाढी पांढरी झाली, पण दुसरा लाडू मला ह्यांनीच पहिल्यांदा वाढला. ढालकरांनी त्यांना लगेच बसवलं. पण थोरली हत्तीण न बोलावताच उभी राहिली. चार जंगलं हिंडले, म्हणाली, असा मालक पाहिला नाही. सगळा माळ 'खरं आहे' म्हणाला.

न्यायमूर्ती गव्यांनी शिंगं हलवून सगळ्यांना गप्प केलं.

"नारोपंत, हे लोक काय म्हणतात ते राहू द्या. कागदावर तुम्ही मर्यादित भागीदार आहात. तुम्ही स्वतः सांगा. त्या पंगतीत तुम्ही कोण होतात?"

नारोपंत उभे राहिले. समोर साळूबाई होत्या. त्यांचे ओठ हलत होते. कोणी नाही. शेजारी ढालकरांनी उत्साहाने मान पुरती बाहेर काढली होती. त्यांच्यामागे हरणं, ससे, हत्ती, सगळे नारोपंतांकडे बघत होते. चार हात लांबून नव्हे, अगदी जवळून.

नारोपंतांना भीती वाटली. बीळ डोळ्यांपुढे आलं, साळूबाईंच्या नख्या आल्या. त्यांनी तोंड उघडलं आणि 'को' म्हणाले. मग त्या दिवशी बाजूला सरलेला मुंग्यांच्या कोठीचा दगड त्यांना आठवला. माझ्या बोलण्याला काडीची किंमत नव्हती, हे आता कणाबाईंच्या तोंडावर म्हणायचं होतं. आणि ससेआजोबांच्याही.

"मालक," नारोपंत म्हणाले. "मी मालक होतो."

एवढं बोलून त्यांना इतकं बरं वाटलं, की त्याची त्यांनाच लाज वाटली.

न्यायमूर्तींनी निकाल द्यायला वेळ घेतला नाही. जो आग्रह करतो तो मालक, आणि मालकाला मर्यादा नाही. ऊन उतरायच्या आत सव्वा लाख मुंग्या तिन्ही दारांनी आत गेल्या.

साळूबाई बोचकं घेऊन टेकडी उतरत होत्या. नारोपंत मागून चालत होते. खडकांमध्ये एक कपार रिकामी आहे, असं ससेआजोबांनी सांगितलं होतं. मग साळूबाई थांबल्या.

"अहो, दोन शब्द होते. कोणी नाही. घरात मी तुम्हाला रोज म्हणते, तेव्हा मुकाट्याने ऐकून घेता की."

"तू म्हणतेस," नारोपंत म्हणाले, "पण तू ते मनापासून म्हणत नाहीस."

साळूबाईंनी बोचकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि कपार दोघांना पुरेल का, असं विचारलं.

तात्पर्य : धंद्यात भांडवल इतकंच घालावं, की बुडालं तर रडू येऊ नये, आणि मान इतकाच घ्यावा, की कोर्टाने मागितला तर परत करता यावा. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी मर्यादित भागीदार होण्याच्या फंदात पडू नये. त्यांनी आधी सगळं बायकोच्या नावावर करावं आणि मग खुशाल अमर्याद व्हावं. खुशालरावांचा आठवा धंदा सध्या जोरात चालू आहे. त्यांना एक मर्यादित भागीदार हवा आहे. स्वभावाने प्रेमळ आणि स्वतःचं बीळ असलेल्याला प्राधान्य.